बार्शी लाइटचं इंजिन नऊ मिलिमीटरच्या रुळांवर: कामाच्या नोंदी

१ जून २०२४

बार्शी लाइट रेल्वेच्या पहिल्यावहिल्या इंजिनाचं मॉडेल करायला घेतलंय. किटसनचं ०-८-४ टँक, म्हणजे पाणी स्वतःवरच वाहणारं इंजिन: पुढे मोकळं, मधे एकमेकांना जोडलेली आठ चाकं, मागे चार चाकांची बोगी, म्हणजे वळणावर स्वतंत्र फिरणारी छोटी चौकट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू केली, तेव्हा लीड्सच्या किटसन कंपनीकडून अशी पाच इंजिनं आणली होती. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. म्हणून एवढ्याशा इंजिनाला बारा चाकं. मार्ग पुढे वाढत वाढत लातूर ते मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. आता सगळा ब्रॉडगेज आहे.

स्केलचा हिशेब आधी मांडतो, कारण बरेच जण इथेच चुकीच्या वाटेला लागतात. बार्शीचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिमी. मॉडेल १:८७, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं; म्हणून त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात. बाजारात ९ मिमीचा रूळ सहज मिळतो, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. याच स्केलला एच-ओ-ई म्हणतात. आपले ब्रॉडगेज करणारे मित्र १६.५ मिमीच्या रुळावर गाड्या चालवतात. १६७६ ला ८७ ने भागा, १९.२६ यायला हवेत. भारतीय रेल्वे मापात करायची असेल तर नॅरोगेज करा, हे मी गमतीने म्हणत नाही.

माथेरानवाल्यांसाठी: दोन फुटी गेज, ६१० मिमी. १:७६ च्या स्केलला ८ मिमी येतो, चालवतात ९ वर. डोळ्याला खटकत नाही, पण गाडी थोडी फेंगडी दिसते.

९ जून

तयार मॉडेल मिळतं का, हे पुन्हा एकदा चाळून पाहिलं. नाही मिळत. मिळेल असंही वाटत नाही.

जळफळाट होतो तो ऑस्ट्रियाकडे पाहून. तिथला नॅरोगेज ७६० मिमी, आपल्यापेक्षा दोन मिलिमीटर कमी. मारियात्सेलच्या डोंगरी मार्गावर १९०६ ते १९०८ मध्ये आलेली एमएच जातीची इंजिनं चाकांच्या हिशेबाने आपल्यासारखीच, आठ आणि चार. फक्त सहा बांधली गेली. तरी एच-ओ-ई मध्ये ती तयार मिळतात, कारण तिथे ती विकत घेणारी माणसं आहेत. बार्शीची पाच, त्यांची सहा. संख्येवरून काही ठरत नाही.

कॅलथ्रॉपनेच इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभी केली. तिथली दोन २-६-४ इंजिनंही किटसनचीच, त्यांच्यावर बार्शीची छाप इतकी की स्टॅफर्डशरच्या दरीत भलेमोठे हेडलॅम्प लावून फिरायची. ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली, पण मॉडेल करणाऱ्यांनी तिला कधी सोडलं नाही.

माझी यादी विचाराल तर: बार्शीचं हे किटसन, माथेरानचं ऑरेनस्टाइन अँड कोपेलचं सहाचाकी, यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीचं झेडडी जातीचं आणि नागपूरच्या सातपुडा मार्गावरचं सीसी जातीचं पॅसिफिक (४-६-२). चारही तयार मिळाली तर मी कर्ज काढेन. पण वाट बघत बसणं हे काही काम नव्हे.

ऑस्ट्रियन इंजिन घेऊन त्यावर आपली बॉडी बसवायचा विचारही केला. नवीन इंजिनाची किंमत ऐकून तो तिथेच संपला. त्यात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. आपली इंजिनं कायद्याच्या लेखी खेळणीच. चांगल्या इंजिनाला करवत लावायलाही हात धजावत नाही ते वेगळंच.

ठरलं ते असं: एन स्केलचं जुनं अमेरिकन २-८-० शोधायचं. एन स्केलचा रूळही ९ मिमीचाच. त्याची आठ चाकं, मोटर आणि रॉड ठेवायचे, बाकी सगळं काढून टाकायचं.

२३ जून

आत्येभाऊ इंग्लंडहून आला, येताना सांगितलेलं २-८-० घेऊन आला. वापरलेलं, खोकं नाही, टेंडरचं (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीचं) एक चाक तुटलेलं. टेंडर मला नकोच होतं, म्हणून स्वस्तात मिळालं: आपल्या हिशेबाने ४,८०० रुपये.

रुळावर ठेवून वीज दिली तर नुसतं गुणगुणलं. गिअरमधलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. सगळं सुटं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलं, जुन्या टूथब्रशने घासलं. जुनं एन स्केल घेणाऱ्यांनी हे आधी करावं, मोटर जळाली असं समजून लगेच दुसरी शोधू नये.

चाकांचा व्यास ९ मिमीपेक्षा किंचित जास्त. पहिल्या ते चौथ्या आसाचं अंतर ३० मिमी. मूळ इंजिनाशी तंतोतंत नाही, पण बाजूने घेतलेल्या फोटोशेजारी धरलं तर चालून जातं. रिवेट मोजणाऱ्यांनी, म्हणजे बारीकसारीक तपशिलावर अडणाऱ्यांनी, इथून पुढे वाचू नये.

७ जुलै

सांगाडा कापला. या इंजिनांची फ्रेम उभी दोन भागांत असते, जस्ताच्या मिश्रधातूची. डावा अर्धा एका रुळाची वीज घेतो, उजवा दुसऱ्या रुळाची, मधे प्लॅस्टिकचे तुकडे. त्यामुळे कापताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हॅक्सॉ वापरू नका. धातू मऊ असतो, पात्याचे दात भरतात आणि पातं भरकटतं. पुण्यात सोन्या मारुती चौकाजवळ सोनारांची हत्यारं मिळतात, तिथून बारीक करवत आणि डझनभर पाती घ्या. पात्याला मेणबत्ती घासत राहा. दोन, दोन्ही अर्धे सुटे करून वेगवेगळे कापा. बाहेर पडणारा भुसा इतका बारीक असतो की जोडताना एक कण मधे राहिला तरी शॉर्ट होतो. माझा झाला. कंट्रोलरचा लाल दिवा बघत पूर्ण दुपार गेली. शेवटी दोन्ही भाग साबणाच्या पाण्यात धुतले, कापलेल्या कडांवर नेलपॉलिशचा हात दिला, तेव्हा सुटलं. नेलपॉलिश बायकोचं होतं, त्याची भरपाई खर्चात धरलेली नाही.

पुढची दोन छोटी चाकं काढली. सिलिंडर ठेवले.

२१ जुलै

टेंडर गेलं, त्याच्याबरोबर निम्मं पिकअपही (रुळांतून वीज घेण्याची सोय) गेलं. शिवाय आठांपैकी दोन चाकांवर पकड वाढवायला रबराचे टायर आहेत, ती वीज घेत नाहीत. सरळ रुळावर चालतं, पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतो त्या जागी, आलं की बेडकाच्या प्लॅस्टिकवर बसून राहतं. (बेडूक म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ती जागा.)

उपाय उघड होता: मागच्या बोगीची चार चाकं कामाला लावायची. त्यासाठी चाकाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकणारी लवचीक तार लागते, फॉस्फर ब्राँझची. पुण्यात ती सुटी मिळेना. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारलं तर प्रत्येकाने रील घ्यायला सांगितलं. शेवटी ॲकूस्टिक गिटारची जाड तार आणली. आतली तार पोलादी असते, तिच्यावर गुंडाळलेली ब्राँझची; पाकिटावर फॉस्फर ब्राँझ लिहिलंय का ते बघून घ्यायचं. वरची उलगडली की हवी तेवढी तार हातात येते. मात्र ती स्प्रिंगसारखी वळलेली असते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत धरून झटका दिला की सरळ होते. एका तारेत आयुष्यभराची सोय.

दाब किती द्यायचा याला मोजमाप नाही. बोगी उलटी धरून फुंकर मारली की चाक फिरायला हवं. फिरलं नाही तर तार जास्त दाबतेय, आणि मग चाक रुळावर फिरण्याऐवजी घसरत जातं.

४ ऑगस्ट

मागची बोगी वळणावर उतरते. या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडचं सगळ्यात तीव्र वळण पेकोच्या नऊ इंची त्रिज्येचं, २२८ मिमी. आठ चाकांच्या गटाच्या मध्यापासून बोगीचा मध्य साधारण ३२ मिमी मागे येतो. ३२ चा वर्ग, भागिले २२८ ची दुप्पट: सव्वादोन मिलिमीटर. म्हणजे वळणावर बोगीला इंजिनाच्या मध्यरेषेपासून एवढं बाजूला सरकावं लागतं. मी बोगी मधोमध स्क्रूवर बसवली होती, नुसती फिरायची, सरकायची नाही. बाहेरचं चाक रुळावर चढायचं आणि उतरायचं. आधी स्क्रूचं भोक लांबट केलं. तेव्हा ती वळणावर सरकायची, पण सरळ रुळावर मधे परत यायची नाही, एका बाजूला रेलून चालायची.

बोगी मधे अडकवायचीच नाही, हे जमलं. पितळी पट्टीचा एक दांडा केला. त्याचं पुढचं टोक चौथ्या आसाच्या जरा मागे खिळीवर, मागच्या टोकाला बोगी. दांडा पंख्यासारखा डावी-उजवीकडे फिरतो, त्याला दोन बाजूंनी त्याच गिटारच्या तारेच्या हलक्या स्प्रिंगा, म्हणजे तो मधे परत येतो. बोगीवर खाली दाबणारी एक छोटी स्प्रिंग, जुन्या बॉलपेनमधली, फक्त दोन वेटोळ्यांचा तुकडा. तिसरं वेटोळं ठेवलं तर इंजिनाची मागची चाकं उचलली जातात.

आठ चाकांचाही हिशेब करून ठेवा. ३० मिमीचा चाकांचा तळ २२८ च्या वळणावर ठेवला तर मधल्या चाकांना अर्धा मिलिमीटर बाजूला सरकावं लागतं. एन स्केलच्या फ्रेममध्ये एवढी ढिलाई असते, म्हणून निभावलं.

खऱ्या इंजिनांनाही हाच त्रास होता. माथेरानच्या त्या सहाचाकी इंजिनांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते: बाहेरून पोकळ नळी, तिच्यात मूळ आस, मधे गोल सांधा. कडेची चाकं नळीबरोबर वळणाकडे तोंड फिरवतात आणि फिरण्याची ताकद सांध्यातून मिळत राहते. नेरळच्या घाटातली वळणं त्यांनी अशी काढली. हे कुणी ९ मिमीत करून दाखवलं तर मी स्वतः बघायला येईन.

१८ ऑगस्ट

बॉडी. बाजूने घेतलेला फोटो संगणकात टाकून त्यावर रेघा ओढल्या. फोटोत जवळची बाजू मोठी आणि दूरची लहान दिसते. धुराडं आणि घुमट मध्यरेषेवर असल्यामुळे कॅमेऱ्यापासून टाक्यांपेक्षा लांब, म्हणून ते रेघांवरून घेतले तर किंचित बुटके येतात. धुराड्याची उंची डोळ्याने वाढवली.

बाजूच्या पाण्याच्या टाक्या ही या इंजिनाची कृपा. मोटर पूर्ण झाकली जाते. तिचं मागचं टोक कॅबमध्ये डोकावतं, तिथे ड्रायव्हर आणि फायरमन उभे केले की कोणाला दिसत नाही.

रेझिनमध्ये प्रिंट काढून देणाऱ्या एका दुकानातून पहिली प्रिंट आली. टाक्यांची भिंत मी ०.८ मिमी ठेवली होती. हातात आली तेव्हा सरळ होती, घरी खिडकीत ठेवली आणि चार दिवसांनी केळ्यासारखी वाकली. रेझिन नीट धुतलं नसेल किंवा आतल्या बाजूला अतिनील प्रकाश पोचला नसेल तर असं होतं. बाहेरचा थर आवळत जातो. दुकानदाराने हात वर केले. दुसऱ्या वेळी भिंत १.२ मिमी केली, आत आडव्या पट्ट्या घातल्या, बॉडी आडवी न ठेवता तिरकी छापायला सांगितली. ही सरळ राहिली आहे. दोन्ही मिळून २,६०० रुपये. पहिली प्रिंट रंगाचे प्रयोग करायला ठेवलीय.

१ सप्टेंबर

वजन. रेझिनचं इंजिन इतकं हलकं झालं की चार डबे लावले की चाकं जागेवर फिरतात. टाक्यांमध्ये शिसं भरायचं होतं. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करताना चिकटवतात ते तुकडे मिळतात, पण हल्ली बरेच लोखंडाचे असतात. नखाने ओरखडा उठला तर शिसं. हात धुवून जेवायला बसा.

शिशाचे छर्रे भरणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: ते पांढऱ्या गोंदाने, म्हणजे फेव्हिकॉलसारख्या कशानेही चिकटवू नका. शिसं आणि हा गोंद यांची हळूहळू प्रक्रिया होते, मिश्रण फुगतं आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी बॉडी आतून फोडतं. एका मित्राचा तयार डबा असाच शिवणीवर उकलला. इपॉक्सी वापरा.

वजन पुढे झुकवायचं नाही, मागेही नाही. फक्त आठ चाकांवर इंजिन पेन्सिलीवर तोलून पाहिलं. तोल दुसऱ्या आणि तिसऱ्या आसाच्या मधे यायला हवा.

पुढच्या शनिवारी गणपती. विसर्जनापर्यंत टेबल बैठकीच्या खोलीतून हलवायचंय, तेव्हा काम बंद.

२९ सप्टेंबर

रंग मारला आणि पावसाने घोळ घातला. राखाडी प्रायमर ठीक बसला. वर काळा स्प्रे मारला त्या संध्याकाळी हवा दमट होती. सुकल्यावर टाक्यांवर पांढरट साय आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं. पॉलिश करून जात नाही. वाळलेल्या दिवशी वरून नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला, बरीचशी गेली. उरलेली कोळशाची धूळ म्हणून खपवणार आहे. पुण्यात जून ते सप्टेंबर स्प्रे मारायचाच असेल तर बॉडी आणि स्प्रेचा डबा दोन्ही आधी टेबल लॅम्पखाली कोमट करून घ्या.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. इंजिनाला झेंडू वाहिला आणि चालवलं. पळालं.

अडचण हीच की पळालं. घोड्यावर बसल्यासारखं. संथ काहीही असलं की आपल्याकडे बार्शी लाइट म्हणतात, आणि माझी बार्शी लाइट एक्स्प्रेसच्या थाटात. ताशी २५ किलोमीटर धरा: १:८७ मध्ये सेकंदाला ८० मिमी, म्हणजे एक मीटर जायला साडेबारा सेकंद लागले पाहिजेत. जुन्या कंट्रोलरवर व्होल्टेज कमी केलं की एका टप्प्याला ते थांबतंच, आणि त्याच्या वरच्या टप्प्यालाच हे मीटर चार-पाच सेकंदांत कापतं.

पीडब्ल्यूएम सर्किटचा बोर्ड बुधवार पेठेतून आणला, दोनशेच्या आत. हा व्होल्टेज कमी करत नाही, पूर्ण व्होल्टेजचे छोटे छोटे धक्के देतो, त्यामुळे मोटर हळू फिरतानाही अडकत नाही. आता मीटरला अकरा सेकंद. मोटर गुरगुरते आणि थोडी तापते. लोखंडी गाभ्याच्या जुन्या मोटरला चालतं. नव्या कोअरलेस मोटरला असला कंट्रोलर लावू नका, ती लवकर जाईल.

१० नोव्हेंबर

रुळावर आहे. पेकोच्या वेड्यावाकड्या स्लीपरच्या फ्लेक्सिबल रुळावर पाच डबे घेऊन वळण आणि दोन्ही पॉइंट पार करते. मागे जाताना एका पॉइंटवर अजून अधूनमधून उतरते. दोष त्या पॉइंटचा वाटतो, कारण डबेही तिथेच उतरतात.

खर्च, ढोबळ: जुनं इंजिन ४,८००, दोन प्रिंट २,६००, हत्यारं आणि पाती सुमारे १,४००, तार, पितळ, रंग, बोर्ड मिळून हजार. दहा हजारांच्या आत. यातला निम्मा खर्च एका चालणाऱ्या सांगाड्यासाठी, आणि वेळ तर निम्म्याहून किती तरी जास्त.

म्हणून इच्छायादी बदलली आहे. कुणी कंपनीवाले हे वाचत असतील तर मला बार्शीचं इंजिन तयार देऊ नका, परवडणारही नाही. ९ मिमीचा, बारीक चाकांचा, आठ जोडचाकांचा, हळू चालणारा नुसता सांगाडा द्या, काळ्या प्लॅस्टिकवर, डबीत, बॉडीशिवाय. काटो चार चाकांचे आणि बोगीचे मोटरवाले सांगाडे असे सुटे विकते, आणि जगभर त्यांवर लोकांनी आपापल्या गावच्या गाड्या चढवल्या आहेत. आठ चाकांचा तसा मिळाला तर बार्शी होईल, ऑस्ट्रियावाले त्यांचं करतील, आणखी कुणी जावातल्या साखर कारखान्याचं करेल. बॉडी छापायला आज गल्लीतलं दुकान पुरतं. गिअर छापायला पुरत नाही.

बॉडीची फाइल १.२ मिमी भिंतीची आहे, मागेल त्याला देईन. बोगीचा दांडा २२८ पेक्षा कमी त्रिज्येला वापरणार असाल तर खिळीची जागा बदलावी लागू शकते. किती, ते तुमच्या वळणावर पुठ्ठ्याचा दांडा करून आधी बघा.

पुढचं काम कॅलथ्रॉपचे लोखंडी बोगी वॅगन. त्यांना मोटर नाही, हेच मोठं सुख.